वस्त्रांतरगृहांतील विनय

आमच्या मोहोळाहून पंढरपूर सुमारें ४० किलोमीटरांवर आहे. आषाढी-कार्तिकीस चंद्रभागेच्या वाळवंटांत स्नान झाल्यावर स्त्रियांनीं ओलें लुगडें बदलावें कोठें, हा प्रश्न जुना. दोघी सोबतिणींनीं लुगड्याचीं टोकें धरून आडोसा करावा, तिसरीनें त्याआड कोरडें नेसावें, आणि मग पाळी बदलावी, अशी रीत होती. ही भिंत कापडाची. परंतु तिला बळकटी येई ती आडोसा धरणारीच्या वळविलेल्या मानेमुळें आणि वाटेनें जाणाऱ्याच्या खालीं घातलेल्या दृष्टीमुळें. अलीकडे यात्रेच्या दिवसांत तेथें स्त्रियांसाठीं वस्त्रांतरगृहें उभारलीं जातात, हें योग्यच झालें. जलतरण तलावांवर, व्यायामशाळांत, कापडाच्या मोठ्या दुकानांतही अशा खोल्या असतात. आमच्या वाचकांच्या घरचीं मुलें-मुली तेथें नित्य जातात. म्हणून दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मनुस्मृतींतील सर्वच वचनें आज ग्राह्य नाहींत, हें आम्ही जाणतों. तथापि तिच्या चौथ्या अध्यायांत दोन निषेध जवळजवळ आले आहेत ते विचार करण्याजोगे आहेत : नग्न होऊन स्नान करूं नये, आणि विवस्त्र स्त्रीकडे पाहूं नये. म्हणजे लज्जारक्षणाचा भार एकट्या स्नान करणाऱ्यावर टाकलेला नाहीं. तो पाहणाऱ्यावरही आहे.

आपल्या जुन्या घरांत सोवळें उंच दांडीवर काठीनें वाळत घालीत आणि त्यास कोणी शिवत नसे. त्या रिवाजांतील शिवाशिवीचा ताठा टाकून दिलाच पाहिजे. सरकारी पैशानें चालणारे तलाव व स्नानाचे घाट जातीच्या कारणानें कोणासही बंद नाहींत, असें १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेचें १५ वें कलम सांगतें. शेजारच्या खुंटीवरील वस्त्र कोणाचें, ही चौकशीच तेथें असभ्य होय. मात्र दुसऱ्याचें वस्त्र त्यास विचारल्यावांचून हलवूं नये, एवढी सवय त्या रिवाजांतून अवश्य राखावी.

खोली सर्वांची, तसा वेळही सर्वांचा. आपण भांग पाडीत असतां कोणी ओल्या अंगानें बाहेर कुडकुडत आहे, हें ध्यानांत धरावें. कपडे बदलतांच बाहेर यावें. ओला कपडा बाकावर न टाकतां पिळून पिशवींत घालावा. फरशीवर पाणी सांडल्यास पुसावें. तेथें म्हातारें माणूस घसरलें तर हाड मोडतें. दार ठोठावल्यावांचून लोटूं नये. कोणाची जाडी, कृशता, व्रण वा कोड दिसल्यास त्याविषयीं शब्द काढूं नये. थट्टेंत तर मुळींच नाहीं.

मोबाईल पिशवींतच राहूं द्यावा, बोलण्याकरितांसुद्धां काढूं नये. तो बोलण्यासाठीं धरला आहे कीं चित्र घेण्यासाठीं, हें शेजारच्यास कसें कळावें? एकांतांतील स्त्रीला चोरून पाहणें किंवा तिचें चित्र घेणें हा २०१३ च्या दुरुस्तीनें स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमांत त्यास प्रथम अपराधाबद्दल १ ते ३ वर्षें कारावास व दंड सांगितला आहे. परंतु कायदा अपराध घडल्यावर धांवतो. विनय त्याआधीं हजर असावा लागतो.

हे नियम कोणास क्षुल्लक वाटतील. पण ज्या मुलीस त्या खोलींत एकदां लाजविलें गेलें, ती तक्रार क्वचितच करते. ती पोहावयास जाणेंच सोडते, आणि घरीं विचारलें तर वेळ मिळत नाहीं म्हणून सांगते. एका खोलींतल्या उणावलेल्या सभ्यतेपायीं तिची विद्या, तिचें आरोग्य व तिचा आनंद, तिन्ही जातात.

हा धडा घरांतच द्यावा. दहा माणसांच्या कुटुंबास एकच न्हाणीघर असतें. तेथें धाकट्यानें काकूची पाळी सांभाळावी, थोरल्यानें सुनेची चाहूल लागतांच वाट मोडून जावें, आणि आजोबांचा पंचा ज्याच्या त्याच्या हातीं लागूं नये. इतकें जमलें तर मुलांस बाहेर वेगळें शिकवावें लागणार नाहीं.