तेंदूपत्त्याचा हिशेब हाही अनुभवच आहे

या स्तंभामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलामुलींचे सीव्ही माझ्याकडे येत राहतात. बहुतेक एकाच साच्यातले. वर 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' असं उद्दिष्ट, मग दहावी-बारावीचे टक्के, सी, जावा, पायथन अशी रांग, त्याखाली वडिलांचं नाव, जात, छंद, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही. ही सरकारी भरतीच्या अर्जाची सवय आहे. आपल्याकडे डोळ्यांसमोर दिसणारं संगणकाचं काम म्हणजे ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, नाहीतर एखाद्या कार्यालयातला कंत्राटी डाटा एंट्रीवाला. तिथे एमएस-सीआयटी आणि मराठी 30, इंग्रजी 40 टायपिंगचं प्रमाणपत्र आधी बघतात, आणि त्या अर्जाला हा साचा चालूनही जातो.

पण पुण्या-हैदराबादची कंपनी तीन-सहा महिन्यांच्या कंत्राटावर माणूस शोधते, तेव्हा तिला शिकवत बसायला वेळ नसतो. हातातलं काम या माणसाने आधी कधी केलंय का, एवढंच तिला पाहायचं असतं. त्याचं उत्तर पहिल्या पानाच्या वरच्या भागात मिळालं नाही, तर दुसरं पान कुणी उघडत नाही.

धानोरा तालुक्यातल्या एका मुलीने 'अनुभव' या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं, की दोन हंगाम तिने ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवला होता. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी; कोणत्या घराने रोज किती पुडे आणले याची नोंद, बँक खात्यांशी नावांची जुळणी, मजुरी वाटपाची यादी. एकाच नावाच्या दोन बायकांची रक्कम उलटसुलट होऊ नये म्हणून तिने खातेक्रमांकावरून तपासणीचं सूत्रही बसवलं होतं. शहरात याला डाटा व्हॅलिडेशन म्हणतात आणि त्याचे पैसे देतात. आम्ही 'नाही' खोडलं आणि त्या जागी हे काम चार ओळींत लिहिलं: किती काळ, कशासाठी, कोणत्या साधनाने, निष्पन्न काय.

अशी कामं इथे पुष्कळ झाली आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी तो मिळवला. ज्या तरुणांनी हातात जीपीएस घेऊन गावाच्या हद्दी चालून काढल्या, क्यूजीआयएसवर नकाशे केले, त्यांनी ते जीआयएसचं काम म्हणून लिहायला हवं. ताडोबाच्या परिसरात कॅमेरा ट्रॅपचे फोटो छाटून नावानिशी लावले असतील, तर इमेज लेबलिंग म्हणून लिहा. गोंडी, माडिया, तेलुगू येत असेल तर तेही वरच लिहा. केंद्राच्या 'आदि वाणी' या 2025 मध्ये आलेल्या भाषांतर ॲपमध्ये गोंडी आहे. अशा ॲपसाठी आवाज तपासणं, वाक्यं जुळवणं अशी कामं भाषा जाणणाऱ्यालाच जमतात.

मात्र अर्जासोबत केलेल्या कामाचा नमुना दाखवताना लाभार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, वाघाच्या फोटोखालची जागा यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. वाघाचा ठावठिकाणा शिकाऱ्याच्या हाती पडला तर काय होतं, हे आपल्या जिल्ह्यांना सांगायची गरज नाही. खोटी नावं-आकडे घालून वेगळी फाईल बनवा आणि ती नमुन्याची आहे असं तिच्यावर स्पष्ट लिहा.

विकतचं अनुभवपत्र तर घेऊच नका. पडताळणी करणाऱ्या कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यावरची नोकऱ्यांची नोंद बघतात. तिथे खोटं उघडं पडलं की हातातलं कंत्राट जातं, आणि पुढची दारंही बंद होतात.

नेटवर्कचंही लपवू नका. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. 'दोन कंपन्यांची सिम आहेत, ऑफलाईन काम करून ठरल्या वेळी फाईल पाठवतो, जुलै-ऑगस्टमध्ये आलापल्लीला राहतो' असं लिहिणाऱ्यावर काम देणारा जास्त विश्वास ठेवतो. मी काम देणारा असतो तर मीही ठेवला असता.

एक विनंती ग्रामसभा, ग्रामपंचायती आणि इथल्या संस्थांना. ज्या पोरांनी तुमचे नकाशे, हिशेब, नोंदी केल्या, त्यांना लेटरहेडवर एक पत्र द्या. 'वर्तणूक चांगली आहे' एवढ्यावर भागवू नका. काम कोणतं, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या साधनावर, हे त्यात लिहा आणि चौकशीला फोन आला तर उचलणाऱ्या माणसाचा क्रमांक खाली द्या. हे पत्र तुम्हाला फुकट पडतं, आणि त्या पोराला त्यावर पहिलं कंत्राट मिळू शकतं.