अंगणाला फरशी घालण्याआधी

उन्हाळा आला की आमच्या भागात एखाद्या तरी घरापुढे पेव्हर ब्लॉकची गाडी उभी राहते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: ‘माती मेली आहे, काही उगवत नाही.’ काळ्या मातीच्या गावांत राहणाऱ्यांना हे दुखणे ठाऊक आहे. उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा, पावसात चपलेला चिकटून घरात येणारा चिखल. अम्मीने लावलेला मोगरा दोन वर्षांत पिवळा पडतो आणि मग घरात फरशीची चर्चा सुरू होते. एकदा फरशी बसली की ती सहसा निघत नाही, आणि पावसाचे पाणी अंगणात न जिरता गटारीला लागते. आमचे म्हणणे एवढेच, की त्याआधी मातीला दोन पावसाळे द्या.

काहीजण लाल मातीची ट्रॉली आणून ओततात. वर लाल, खाली काळी असे दोन थर होतात; पाणी त्यांच्या सांध्यावर अडते आणि मुळेही तिथेच घुटमळतात. शिवाय ती माती कुणाच्या तरी शेताची वरची कातडी असते, हे आपण विसरतो. चिकण मातीत थोडी वाळू कालवणे तर त्याहून वाईट. वाळल्यावर ती विटेसारखी होते.

या मातीला हवे असते कुजलेले खत, तेही वरून आणि पातळ. चाळलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत पाव इंच पसरावे. १० बाय १० फुटांच्या हिरवळीला सुमारे ६० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या चार बादल्या पुरतात. आधी गवत कापावे, मग खत टाकून खराट्याने हलके झाडावे. गवताची टोके वर दिसलीच पाहिजेत. जास्त लाडाने गवत गुदमरते. हरळी जोमात वाढते तेव्हा, म्हणजे पहिल्या पावसानंतर हे करावे. भर एप्रिलात नको.

खणायची गरज नाही. ते काम गांडुळे करतात. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिले. कुरणावर पसरलेला चुना आणि राख काही वर्षांनी काही इंच खाली सापडते, कारण गांडुळे खालची माती वर आणून टाकत राहतात, असे त्याने त्यात दाखवले आहे. वर्गात हे सांगितले की मुले दुसऱ्या दिवशी डबीत गांडूळ घेऊन येतात, तो भाग वेगळा!

झाडांना थर एक-दोन इंच चालतो, पण बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते. बोअरच्या पाण्याने कुंडीत पांढरा थर धरतो. तिथे वरची इंचभर माती काढून खत भरावे.

खत विकतच आणायला हवे असे नाही. बकरी ईदच्या आधी अनेक घरांत पंधरा-वीस दिवस बकरा बांधलेला असतो आणि त्याच्या लेंड्या कचरागाडीत जातात. पानगळीचा पाला तर आपण जाळतोच. दोन्ही एका कोपऱ्यात थर देऊन रचावे, ओलसर ठेवावे, मधूनमधून उलटावे. हाताला गरम लागत असेल किंवा वास येत असेल तर अजून थांबावे. कच्च्या शेणातून हुमणी येते आणि तणाचे बीही. काळे, भुसभुशीत आणि पावसाळी मातीच्या वासाचे झाले, की चाळणीला घ्यावे. चाळून उरलेला जाडाभरडा चोथा पुढच्या ढिगाला विरजण म्हणून घालावा.