कांदा-लसूण आहे की नाही, एवढंच सांगा!

सबमिशनचा आठवडा. मेसचा डबा खाल्ला की पोट फुगतं, लेक्चरला बसवत नाही. शेवटी डॉक्टर सांगतात, 'आयबीएस' आहे. मग आहारतज्ज्ञ काही आठवड्यांसाठी 'लो फॉडमॅप' डाएट देतात. कांदा, लसूण, गहू, राजमा बंद. मित्र म्हणतात, 'आता हे काय नवीन फॅड?'

फॅड नाहीये हो. लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी काही कर्बोदकं म्हणजे फॉडमॅप. ती मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि गॅस होतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी या त्रासासाठी हा आहार आखला.

संध्याकाळी भूक लागते. बिस्किटं नकोत, समोसा नको. दुकानात चिकन जर्कीचं पाकीट दिसतं. तुम्ही विचार करता, मांसात कर्बोदकं कुठे असतात? म्हणजे सेफ! तुमचं लॉजिक अर्धं बरोबर आहे. साधं चिकन, मटण, मासे, अंडी यांत फॉडमॅप जवळपास नसतातच. घोळ होतो तो त्यांना जे चोळलेलं असतं त्यात.

पाकीट उलटं करून बघा. 'चिकन, मीठ, साखर, मसाले.' या 'मसाले' शब्दातच सगळी गोम आहे. आपल्याकडच्या लेबलिंगच्या नियमांनुसार प्रत्येक मसाल्याचं नाव न देता असा एकत्र उल्लेख चालतो. त्यात लसूण पावडर आहे की फक्त मिरी, हे तुम्हाला कळणार कसं? दूध, सोया, शेंगदाणे यांसारख्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची नावं द्यावीच लागतात. कांदा-लसूण त्या यादीत नाहीत.

गंमत म्हणजे ही माहिती देणं कंपन्यांना अवघड नाही. फरसाण, चिप्स यांच्या पाकिटांवर 'जैन' किंवा 'कांदा-लसूण विरहित' असं ठळक छापलेलं आपण रोज बघतो. तिथे गिऱ्हाईक आहे, म्हणून छापतात. पण चिकनचं 'जैन' पाकीट कोण काढणार? त्यामुळे मांस चालतं पण लसूण चालत नाही, असा माणूस मधल्या मध्ये लटकतो. मला वाटतं, 'मसाले' या शब्दाआड कांदा-लसूण लपवण्याची मुभाच नको. दोन शब्द जास्त छापायला कितीशी शाई लागते?

नियम बदलेपर्यंत काय करायचं? यादी शेवटपर्यंत वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, पण लसूण पावडर तळाशी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती थोडीशीही पुरते. मध, सॉर्बिटॉल, इन्युलिन दिसलं तर पाकीट परत ठेवा. साध्या साखरेला घाबरायचं कारण नाही. नगेट्सवर मैद्याचं किंवा ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण असतं, म्हणजे गहू आलाच. गोव्याच्या चोरीसमध्ये लसूण असतो, तेव्हा तेही सध्या लांबच. आणि 'ग्लुटेन-फ्री' म्हणजे 'लो फॉडमॅप' नव्हे! नुसतंच 'मसाले' लिहिलं असेल, तर पाकिटावरच्या कस्टमर केअरला ई-मेल करा. एकाच्या मेलने फरक पडणार नाही, पण पन्नास जणांनी विचारलं तर कुणीतरी मनावर घेईल.

तोवर आपले सुके बोंबील आहेतच. मासा आणि मीठ, विषय संपला! तव्यावर भाजा आणि खा. रूममेटच्या नाकाची जबाबदारी मात्र तुमची.

आणि हो, हा आहार जन्मभराचा नाही. साधारण दोन ते सहा आठवडे बंद, मग तज्ज्ञांच्या सल्ल्याने एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा. म्हणजे कशाने त्रास होतो ते कळतं. पण या दिवसांत पाकिटातून नकळत लसूण पोटात गेला, तर सगळाच हिशेब चुकतो. आपण काय खातोय हे कळणं, एवढंच तर मागतोय आपण.