टेकाडे भावोजींची कात्रणं

गेले काही आठवडे मी जुन्या नियतकालिकांत ‘पुन्हा प्रपंच’ शोधतो आहे. साठी ओलांडलेल्या वाचकांना हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरची ती कौटुंबिक श्रुतिका. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, पंत म्हणजे बाळ कुडतरकर आणि टेकाडे भावोजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन आवाज आणि एक मध्यमवर्गीय घर, एवढ्या भांडवलावर त्यांनी महाराष्ट्राला वर्षानुवर्षं हसवलं. आमच्या नाशिकला तेव्हा स्वतःचं केंद्र नव्हतं. मुंबई लागलं नाही तर पुणे लावायचं, आणि खरखर वाढली की कुणीतरी उठून रेडिओच फिरवून ठेवायचा.

ही माणसं कामात असताना त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी त्यांच्याबद्दल काय लिहिलं, ते मला वाचायचं होतं. चाहत्यांच्या आठवणी पुष्कळ ऐकायला मिळतात. त्या गोड असतात, पण त्यांत तारीख नसते. लेखक कोण, निर्माता कोण, तालीम किती होई, हे धंद्यातला माणूसच टिपून ठेवतो.

असं लिहिलेलं किती उपयोगी पडतं, हे अमेरिकेच्या जॅक बेनीकडे पाहिल्यावर कळतं. हा विनोदी नट १९३२पासून रेडिओवर होता. तिथं ‘व्हरायटी’ हे करमणूक व्यवसायाचं साप्ताहिक १९०५पासून निघतं. ‘ब्रॉडकास्टिंग’सारखी खास प्रसारण व्यवसायाची नियतकालिकंही होती. त्या काळचे पुष्कळसे अंक आज संगणकावर नाव टाकून चाळता येतात. बेनीचा प्रायोजक कधी बदलला, जानेवारी १९४९मध्ये एनबीसी ही प्रसारण कंपनी सोडून तो प्रतिस्पर्धी सीबीएसकडे गेला तेव्हा धंद्यात केवढी खळबळ उडाली, सगळं आठवड्या-आठवड्यानं सापडतं. कुणा कलावंताला अमुक वर्षं पूर्ण झाली, की सहकारी, कंपन्या आणि जाहिरात संस्था पानंच्या पानं विकत घेऊन त्याचं अभिनंदन छापत.

बेनीचा एक प्रसंग अभ्यासक अजून सांगतात. दरोडेखोर त्याला दरडावतो, पैसे दे नाहीतर जीव घेतो. बेनी गप्प. रेडिओवर शांतता म्हणजे खरं तर बिघाड, पण या कंजूष पात्राला पैसा की जीव हे ठरवायला वेळ लागणार, हे श्रोत्यांना ठाऊक होतं. त्या गप्प राहण्यावरच हशा उसळला. २८ मार्च १९४८चा तो कार्यक्रम. ही तारीख नोंदलेली आहे, म्हणून तिच्या आधारानं ध्वनिमुद्रण शोधता येतं आणि ती शांतता आजही ऐकता येते. कागदावरच्या नोंदीचा खरा उपयोग हा.

आपल्याकडे तारखेपाशीच अडतं. याचं कारण मला हळूहळू कळत गेलं. तिथली ती गौरवाची पानं प्रेमानं छापलेली असतील, पण त्यांचे पैसे कुणीतरी भरले होते. बेनीमागे जेलो, लकी स्ट्राइक असे प्रायोजक होते. आपली आकाशवाणी सरकारी. विविधभारतीवर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७पासून, मुंबई, पुणे आणि नागपूरला. श्रुतिका करणारी मंडळी पगारावर किंवा करारावर. टेकाडे भावोजींच्या नावानं पान विकत घेईल असा साबणवाला त्यांच्यामागे नव्हता. विनोद आपल्याकडेही अव्वल होता, पण त्याची नोंद ठेवण्यात कुणाचाच धंदा नव्हता.

मग उरतं रेडिओचं स्वतःचं नियतकालिक. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं आणि त्याच महिन्यात ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघालं. १९३५च्या अखेरीस त्याचं ‘इंडियन लिसनर’ झालं आणि जानेवारी १९५८पासून ‘आकाशवाणी’. यातले बरेच अंक आता स्कॅन झालेले आहेत. बंगालीला ‘बेतार जगत’ होतं, गुजरातीला ‘नभोवाणी’. मराठी कार्यक्रम मात्र या इंग्रजी अंकांतल्या मुंबई-पुण्याच्या रकान्यांत हुडकावे लागतात. बारीक टाइप, डावीकडे वेळ, पुढे कार्यक्रमाचं नाव, जमलं तर कलावंताचं. रोमन लिपीत कुडतरकर किती तऱ्हांनी लिहिता येईल याचा विचार करून प्रत्येक तऱ्हेनं शोध घ्यायचा. स्कॅन केलेल्या पानावर शाई फुटलेली असेल तर तेही चालत नाही, मग डोळ्यांनीच रकाना उतरत जायचं.

तरीही या अंकांची एक मोठी मर्यादा आहे. ते पुढे काय लागणार ते सांगतात. काय लागलं, कसं झालं, लोक कुठे हसले, हे त्यांच्यात नाही.

नाशिककरांनी इथे ‘रसरंग’ची आठवण काढायला हवी. दादासाहेब पोतनीसांच्या ‘गांवकरी’ दैनिकानं हे सिने-साप्ताहिक आपल्या गावातून काढलं आणि इसाक मुजावरांसारखा चित्रपटांचा चालताबोलता इतिहासकार त्याला लाभला. मराठीत करमणुकीच्या व्यवसायाचं लेखन कुठे चिकाटीनं झालं असेल, तर ते अशा साप्ताहिकांत. मात्र सिनेमाच्या साप्ताहिकाला चेहरा लागतो. मुखपृष्ठावर मीनावहिनींचा फोटो घातला असता तर किती वाचकांनी ओळखला असता? ज्यांचा आवाज घराघरात माहीत, त्यांनाच रस्त्यात कुणी ओळखत नसे. पु. ल. देशपांडेही आकाशवाणीत होते, पण त्यांच्यामागे पुस्तकं होती, रंगमंच होता. ते जून २००० मध्ये गेले तेव्हा वृत्तपत्रांनी पानंच्या पानं दिली, आणि ते योग्यच झालं. केवळ आवाजावर जगलेल्यांच्या वाट्याला एवढं कधीच आलं नाही.

बाळ कुडतरकर जुलै २०१७ मध्ये गेले. जवळजवळ चार दशकं आकाशवाणी, शिवाय फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांतला तो भारदस्त मराठी आवाज. नीलम प्रभू जून २०२३ मध्ये गेल्या. यशवंत देवांशी लग्न झाल्यावर त्या करुणा देव झाल्या. पुढे कुणी अभ्यासक एकाच नावानं शोधू लागला तर त्याच्या हाती त्यांचं निम्मंच काम लागेल. प्रभाकर जोशींचं तर नावच टेकाडे भावोजींच्या मागे झाकलं गेलं. नटाचं नाव पुसून पात्राचं उरावं यात कौतुक आहे, मान्य. पण त्या माणसाची नोंद राहू नये, हा अन्याय आहे, आणि तो अजून दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

कारण आपल्याकडचा माल साप्ताहिकांपेक्षा घरांत जास्त आहे. दिवाळी अंकांतले लेख, नाट्यसंमेलनांच्या आणि सत्कारांच्या स्मरणिका, आकाशवाणीच्या करारपत्रांच्या प्रती, श्रोत्यांच्या पत्रांना आलेली उत्तरं, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेट. एका परिचितांच्या घरी मला एक अंक मिळाला. त्यात कुणीतरी ऐकायच्या कार्यक्रमांपुढे निळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. नाट्यगीत, बातम्या, श्रुतिका, पुन्हा श्रुतिका. त्या घरात कोणत्या दिवशी काय ऐकलं गेलं याचा तो पुरावाच आहे. छापील अंकात न मिळणारी गोष्ट त्या पेन्सिलीनं सांगितली.

नाशिकला वाचनालयाची जुनी परंपरा आहे. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत असं काही असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा बघा. कॅसेट असेल तर वाजवून पाहण्याची घाई करू नका, जुनी फीत तुटते. जाणकाराकडून ती आधी डिजिटल करून घ्या. कात्रणावर नियतकालिकाचं नाव आणि तारीख आठवत असेल तर पाठीमागे पेन्सिलीनं लिहा. मूळ कागद द्यायचा नसेल तर फोटो काढून जवळच्या वाचनालयाला द्या. आणि घरात तो काळ ऐकलेलं कुणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि टेकाडे भावोजी नेमके कसे बोलायचे ते विचारा.