घरांतील यंत्रें : नांव एक, क्रमांक दोन

एकत्र कुटुंबांत गैरसमजास फारसें कारण लागत नाहीं. गेल्या महिन्यांत आमच्या घरीं तें एका संगणकानें पुरविलें.

लिनक्सवर चालणारे दोन संगणक आमच्याकडे आहेत. एक माडीवर चिरंजीवांचा, दुसरा दिवाणखान्यांत वडील बंधूंचा. बंधूंनीं माडीवरील संगणकांत, आपल्या खात्यांत, इतरांस न उघडतील अशा रीतीनें तीर्थरूपांच्या पत्रांच्या प्रतिमा ठेविल्या होत्या. त्या खालीं पाहतां याव्या म्हणून चिरंजीवांनीं एन्‌एफ्‌एस्‌ची जोडणी केली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९८४ सालीं काढलेल्या या पद्धतीनें दुसऱ्या यंत्रांतील फाइली आपल्याच यंत्रांत असल्यासारख्या उघडतां येतात. परंतु बंधूंस उत्तर मिळालें, “परवानगी नाहीं.” “वडिलांचीं पत्रें वाचावयास मला पुतण्याची परवानगी हवी काय?” असें म्हणून ते उठले, व त्या रात्रीं पंगतींत कोणाशीं बोलले नाहींत.

चिरंजीवांनीं कांहींच दडविलें नव्हतें. आम्हीं क्रमानें शोध घेतला. वाचकांनींहि तोच क्रम धरावा. जोडणी करतांना उत्तरच न आल्यास दोष बहुधा वाटेंत असतो : तार, पत्ता किंवा फायरवॉल, तिच्यांत निदान २०४९ क्रमांकाचें पोर्ट मोकळें हवें. जोडणीच नाकारली गेल्यास फाइली देणाऱ्या यंत्रांतील ‘एक्स्पोर्ट्‌स’ यादी पाहावी. तींत घेणाऱ्या यंत्राचा पत्ता असावा, व यादी बदलल्यावर ती पुन्हां लागू करण्याची आज्ञा द्यावी. जोडणी होऊनहि फाइल उघडत नसेल, तर खातेदारांचे क्रमांक ताडून पाहावे.

आमचें दुखणें हें तिसरें होतें. या पद्धतींत साधारणतः नांव नव्हे, क्रमांक ओळखला जातो. आणि बहुतेक लिनक्स यंत्रांवर पहिल्या खातेदारास १००० हा क्रमांक मिळतो. माडीवर १००० म्हणजे चिरंजीव व १००१ म्हणजे बंधु. खालीं मात्र बंधूच १०००! म्हणून खालून आलेल्या काकांस वरचें यंत्र पुतण्या समजे. स्वतःचीं पत्रें त्यांस बंद, आणि पुतण्याची खासगी वही उघडी!

अशा वेळीं कंटाळून सर्वांस सर्व मोकळें करूं नये. फाइलींची प्रत काढून ठेवावी, खात्यांतून बाहेर पडावें, व प्रशासकाच्या अधिकारानें क्रमांक बदलावा. जुन्या क्रमांकावर ज्या फाइली उरतील त्यांची मालकीहि बदलावी. आम्हीं खालीं बंधूंस १००१ केलें आणि पत्रें उघडलीं.

पुतण्याची वही आपल्यास उघडते हें बंधूंनीं पहिल्याच दिवशीं पाहिलें होतें. तींतील एक ओळहि त्यांनीं वाचली नव्हती. तीर्थरूपांचें पहिलें पत्र त्यांनीं चिरंजीवांकडूनच मोठ्यानें वाचवून घेतलें.