पोत्यावरचे २२ टक्के

मिल्क रिप्लेसरविषयी, म्हणजे वासराला दुधाऐवजी पाजायच्या पावडरीविषयी, वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत एकच प्रश्न फिरून फिरून असतो: ‘कोणत्या कंपनीचा घ्यावा?’ त्याआधी पोत्यावर काय छापलेले नाही, हे बघायला हवे.

‘प्रथिने २२ टक्के, फॅट २० टक्के’ एवढे छापले की झाले. पण ही प्रथिने दुधाच्या पावडरीतली, व्हेमधली की सोयाची? पहिल्या तीन आठवड्यांत वासराला सोया आणि स्टार्च नीट पचत नाही. हगवण लागते, सलाइन चढते आणि दोष मात्र हवेला. क्रूड फायबर ०.१५ टक्क्याच्या वर दिसले की वनस्पतीच्या प्रथिनाचा संशय घ्यावा. त्याच्या आत असले तरी निर्धास्त राहू नये. गव्हाच्या ग्लूटेनमध्येही तंतू कमीच.

जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपयांच्या अनुदानासाठी राज्य शासनाने गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे पोर्टलवर मागितले, बँक खात्याला आधार जोडायला लावला. गाईची एवढी बारीक चौकशी करणाऱ्या यंत्रणेने तिच्या वासराच्या पोटात जाणाऱ्या पावडरीचीही तेवढीच करावी. प्रथिनांचा उगम पोत्यावर ठळक छापून घ्यायला पोर्टल लागत नाही.

त्या योजनेत दूध संघांनी द्यायचा किमान दर होता २७ रुपये. लिटरला १२५ ग्रॅम पावडर धरली, तर २०० रुपये किलोचा रिप्लेसर लिटरमागे २५ रुपयांना पडतो. बचत दोन रुपयांची! मग हात आखडतो, १२५ चे ८० ग्रॅम होतात. संकलन केंद्रावर दुधाच्या दाटपणाची डिगरी कमी लागली म्हणून भांडणारा गोठेवाला वासराच्या बादलीत स्वतःच डिगरी पाडतो. दर पडलेला असताना चांगला रिप्लेसर परवडत नसेल, तर गाईचेच दूध पाजावे. पातळ पांढरे पाणी पाजू नये.

दूध तोडतानाही तेच. कॅलेंडर बघून साठाव्या दिवशी बादली बंद! संकरित एचएफ कालवड सलग तीन दिवस किलोभर काफ स्टार्टर खाते का, हे कोण बघतो? कोठीपोट तयार होते ते स्टार्टर आणि पाण्यावर, दुधावर नव्हे. दूध दहा-बारा दिवसांत उतरवत न्यावे. त्यानंतरचे दोन आठवडे तोच स्टार्टर, तीच जागा. प्रत्यक्षात बादली तुटते त्याच दिवशी कालवड मोठ्या कळपात जाते, शिंगे डागली जातात आणि पुढ्यात गाईंची सरकी पेंड पडते. महिन्याने ती हाडकुळी दिसली की पत्र येते: ‘रिप्लेसर बोगस आहे.’

असेलही. पण ते दाखवून द्यायला कागद लागतो. रिकामे पोते गोठ्यात अंथरण्याआधी त्यावरचे लेबल कापून, बॅच नंबर आणि बिलाच्या प्रतीसह मासिकाकडे पाठवावे. ती सगळी लेबले एकत्र पशुसंवर्धन खात्यापुढे ठेवता येतील. सोबत वासराचे जन्माचे आणि दूध तोडलेल्या दिवसाचे वजन लिहावे. काटा नसेल तर छातीचा घेर मोजायची टेप चालेल.