वाकड्या अंगणातला सामना

दुबई येथे २८ डिसेंबर २०२५ रोजी आर्यना सबालेन्का आणि निक किर्गिओस यांच्यात 'स्त्री विरुद्ध पुरुष' असा जो टेनिसचा सामना झाला, तो किर्गिओसने ६-३, ६-३ असा जिंकला. या निकालाने कोणाच्या ज्ञानात काही भर पडली असेल, असे आम्हांस वाटत नाही. सबालेन्का महिलांतील अग्रमानांकित. किर्गिओस दुखापतींमुळे पुरुषांच्या क्रमवारीत सहाशेच्याही खाली घसरलेला. सामना रंगावा म्हणून संयोजकांनी सबालेन्काच्या बाजूचे कोर्ट नऊ टक्क्यांनी लहान केले आणि दोघांनाही एकेकच सर्व्हिस दिली. नाचता न येणारा अंगणाला वाकडे म्हणतो. येथे तर नाच सुरू होण्यापूर्वीच अंगण वाकडे करून ठेवलेले! सबालेन्का जिंकली असती तर श्रेय कोर्टाला गेले असते. ती हरली, तेव्हा दोष स्त्रीत्वाच्या माथी. १९९२ साली लास व्हेगासमध्ये जिमी कॉनर्स व मार्टिना नवरातिलोवा यांचा सामनाही अशाच सवलती देऊन खेळविला गेला. कॉनर्स ७-५, ६-२ असा जिंकला. आज तो किती जणांच्या स्मरणात आहे?

१९७३ चा ह्यूस्टनचा सामना मात्र लोक विसरलेले नाहीत. तमाशा तेथेही काही कमी नव्हता. बिली जीन किंग उघड्या अंगाच्या पुरुषांनी वाहिलेल्या पालखीतून आली, तर बॉबी रिग्ज तरुणींनी ओढलेल्या रिक्षातून. प्रेक्षक ३०,४७२ आणि विजेत्यास एक लाख डॉलर. पण कोर्ट पुरते होते, सामना पाच सेटांचा होता, आणि किंगने तो ६-४, ६-३, ६-३ असा जिंकला. एकोणतीस वर्षांच्या खेळाडूने पंचावन्न वर्षांच्या गृहस्थास हरविले, यात शारीरिक पराक्रम तो काय, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. परंतु याच गृहस्थाने चार महिन्यांपूर्वी मार्गारेट कोर्टसारख्या खेळाडूस ६-२, ६-१ असे लोळविले होते, आणि स्त्रियांचा खेळ पैसे मोजून पाहण्याच्या लायकीचा नाही, ही त्याची वल्गना ऐकून माना डोलावणारे पुष्कळ होते.

खरा प्रश्न मोबदल्याचा होता. १९७० साली लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत पुरुष विजेत्यास १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीस १,५०० डॉलर देऊ केले गेले. तेव्हा किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून वेगळी वाट धरली. १९७३ मध्ये महिलांची संघटना स्थापन झाली. अमेरिकन ओपनने बक्षिसे समान केली. ह्यूस्टनला किंग हरली असती, तर हे नुकतेच पदरात पडलेले दान फाटक्या पदरातून निसटावयास वेळ लागला नसता.

दुबईत असे काय पणास लागले होते? विंबल्डनने समान बक्षिसे दिली ती २००७ साली. इतर अनेक स्पर्धांत तफावत त्यानंतरही राहिली. ही तफावत मोठ्या संयुक्त स्पर्धांत २०२७ पर्यंत आणि केवळ महिलांच्या तत्सम स्पर्धांत २०३३ पर्यंत दूर करण्याचा संकल्प महिला संघटनेने २०२३ मध्ये सोडला आहे. त्या तारखांचा हिशेब दुबईच्या झगमगाटात कोणी विचारला नाही.